काजळीखालचा माणूस

बेनिग्ना वहिनी केळीचा घड गुडघ्यातून उचलायची, कंबरेतून नाही. घड खांद्यावर नीट बसेपर्यंत ती पाऊल टाकत नसे. केळ्यांच्या वखारीतल्या बाया घाई करायच्या आणि दुपारनंतर पाठीला हात लावून बसायच्या. वहिनी संध्याकाळी सकाळच्याच चालीने घरी जायची. मी पुढे लास पाल्मासच्या बंदरात हमाली केली. उचलायचं कसं, ते मी तिच्याकडे पाहून शिकलो होतो.

ती माझ्या चुलतभावाची, अमारोची बायको. लग्नाला वर्ष होत होतं तेव्हा अमारो व्हेनेझुएलाला निघाला. त्या काळी आमच्या बेटावर पोट भरत नव्हतं. कागदपत्रांविना, मासेमारीच्या शिडाच्या होडीत दाटीवाटीने बसून माणसं अख्खा समुद्र ओलांडायची. त्याच्या होडीतल्या एकाने पुढे कळवलं की अमारो तिकडच्या किनाऱ्यावर उतरला आणि कोणाशी न बोलता चालत गेला. दुसऱ्याने कळवलं की वाटेतच एका सकाळी तो होडीत नव्हता. अमारोकडून काहीच आलं नाही.

आमच्या गावच्या देवळात, मेल्यावर पापं जळून जाईपर्यंत विस्तवात राहणाऱ्या आत्म्यांचं एक मोठं चित्र होतं. खाली विस्तव, विस्तवात कंबरेपर्यंत उभी माणसं, वर देवदूत, आणि एकेका देवदूताने एकेकाचं मनगट धरून वर ओढलेलं. ज्या घरातलं माणूस समुद्रात गेलं आणि पुरायला देह मिळाला नाही, ते घर त्या चित्रातला एक आत्मा आपला म्हणून निवडायचं. दर सोमवारी त्याच्यासमोर तेलाचा दिवा लावायचा. तो बाहेर पडला असं जाणवलं की दिवा थांबवायचा. अट एकच. माणूस मेलेला हवा. जिवंत माणसासाठी दिवा लावला तर तो जिथे असेल तिथे भाजत राहतो, असं आमच्याकडे सगळे धरून चालत.

वहिनीने बरीच वर्षं वाट पाहिली. मग एका सोमवारी तिने डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातला, मान वळवलेला आत्मा निवडला आणि दिवा ठेवला.

फेर्मिना काकू, म्हणजे तिची सासू, देवळाच्या दारातच ओरडली, "माझ्या जित्या लेकाला विस्तवात उभं करतेस? दुसरा दादला बघून ठेवलायस वाटतं!"

"तो जिता असता तर मला एक ओळ आली असती, आत्याबाई."

"तुला आली नसती. मला आली असती."

"मग तुम्हाला आली का?"

काकू त्यानंतर मरेपर्यंत तिच्याशी बोलली नाही. वहिनीने दुसरं लग्न केलं नाही. काळे कपडेही घातले नाहीत. विधवा म्हणवून घ्यायला जी खात्री लागते, ती तिच्याकडे नव्हती.

दिव्याची काजळी चित्रावर बसत गेली. सगळ्याच दिव्यांची बसायची, पण त्या कोपऱ्यात जास्त. आधी मान गेली, मग खांदा, मग तिथे नुसता माणसाच्या आकाराचा काळा डाग राहिला. धुण्याच्या दगडावर बाया म्हणायच्या, "बेनिग्ना, तुझा नवरा काळा पडत चाललाय गं."

"तिकडचं ऊन कडक असेल," दुसरी म्हणायची. "राबतो म्हणे कुणाच्या तरी शेतात!"

वहिनी कपडा पिळत राहायची. मला मात्र एकदा म्हणाली, "सिरिआको, दिवा बंद केला आणि तो खरंच मेलेला असला, तर तो अंधारात राहील. चालू ठेवला आणि तो जिता असला, तर मी त्याला जाळतेय. सांग, कुठला हात आवरू?"



देवळाचं छप्पर गळायला लागलं तेव्हा चित्र शहरात नेलं. ते साफ करायचं आणि संग्रहालयातच ठेवायचं ठरलं. वहिनी मोकळ्या भिंतीसमोर दिवा लावत राहिली. पाद्रीबुवा एकदा बोलले, मग गप्प झाले. चित्र टांगल्याची बातमी आली तशी ती बसने शहरात माझ्याकडे आली. मी नुकताच कामातून निवृत्त झालो होतो.

"चेहरा निघाला असेल," ती म्हणाली. "बघितला की मला कळेल."

तिच्या हिशेबाने जायचं सोमवारीच. गेलो, तर दार बंद. पहारेकरी आतून म्हणाला, "सोमवारी सुट्टी असते, आजी."

"आत्म्यांनासुद्धा?"

"त्यांचं माहीत नाही. मला असते."

मंगळवारी परत गेलो. सकाळी मी भाजक्या पिठात दूध कालवून दिलं होतं, तिने वाटीला हात लावला नाही. चित्रं वरच्या मजल्यावर होती. पायऱ्या ती माझ्या हाताला धरून चढली. हात धरला होता एवढंच, भार नव्हता. वाळलेल्या फांदीइतकी ती हलकी झाली होती.

पांढरी भिंत, गार हवा, कसलाच वास नाही. चित्र मी ओळखलं नाही. विस्तव केशरी होता. आमच्या डोळ्यांना तो कायम तपकिरी दिसायचा. माणसांच्या गालांवर रंग होता. वहिनी थेट डाव्या कोपऱ्याकडे गेली.

तिथे कोणी नव्हतं.

नुसता विस्तव होता. वर देवदूत वाकलेला, हात खाली आलेला, बोटं आवळलेली. बाकीच्या देवदूतांच्या मुठीत मनगटं होती. याच्या मुठीत काही नव्हतं, पण बोटं मिटून एकमेकांना टेकलेली नव्हती. मधे मनगटाएवढी जागा होती. इतक्या वर्षांत ती मान आणि तो खांदा मी स्वतः पाहिला होता. लहानपणी काकूने मला उचलून दाखवला होता.

चित्र साफ करणारी इदाइरा नावाची मुलगी शेजारच्या खोलीत होती. पहारेकऱ्याने तिला बोलावलं.

"इथला माणूस कुठे गेला?" वहिनीने विचारलं.

"माणूस नव्हता, आजी. काजळी काढली, खाली विस्तवच निघाला."

"मी पन्नास वर्षं बघत आले."

"काजळीत आकार दिसतात. सगळ्यांनाच दिसतात." मुलगी नरमाईने बोलत होती.

"काजळी बसण्याआधीपासून दिसायचा," मी म्हणालो. "मग याने धरलंय काय?"

तिने वर पाहिलं. "चित्रकाराने अर्धवट सोडलं असावं." मग म्हणाली, "हा कोपरा मी सगळ्यात शेवटी घेतला. त्याने त्रास दिला. रोज संध्याकाळी कोरडा करून जायचे, सकाळी तिथे मीठ फुललेलं असायचं. पांढरं, खडबडीत. शेवटची काजळी निघाली त्या दिवसापासून थांबलं."

"बाकीच्यांवर यायचं?"

"नाही. तेवढ्याच जागेवर. समुद्रकाठचं गाव होतं ना तुमचं, खारी हवा..." तिने वाक्य पुरं केलं नाही. बाकीचं चित्रही त्याच भिंतीवरचं, त्याच हवेतलं होतं, हे तिलाही दिसत होतं.

वहिनीने बोट पुढे केलं. पहारेकरी हललाच नाही. तिने ते त्या मोकळ्या जागेवर टेकवलं आणि जिभेला लावलं.

"बुडाला," ती म्हणाली. "किनाऱ्याला लागलाच नाही तो."

ती बाकावर बसली. मग म्हणाली, "चल, निघू. हळू उतर."

मी उजवा हात पुढे केला, तिने धरला आणि आम्ही उतरू लागलो. पहिल्याच पायरीला माझा गुडघा वाकला. बंदरात मी सिमेंटच्या गोण्या वाहिल्या, मिठाच्या वाहिल्या, एकदा क्रेनखाली जखमी झालेला जोडीदार पाठीवर घेऊन धावलो. अंगावर कोणाचा भार आला ते मला डोळे मिटूनही कळतं. माझ्या हातावर त्या वेळी म्हातारी बाई नव्हती. चांगला भरलेला, पाण्याने जड झालेला गडी होता. मी कठड्याला धरलं. श्वास मोजून एकेक पायरी उतरलो. वहिनी शेजारी ताठ चालत होती. तिचा हात माझ्या हाताला जेमतेम लागला होता.

"सांभाळून," ती म्हणाली. मला म्हणाली असं मला वाटलं नाही.

पहारेकरी वरून म्हणाला, "आजोबा, मदत करू का?"

"नको," मी म्हणालो. असं ओझं अर्ध्या वाटेत दुसऱ्याच्या हातात देता येत नाही.

बाहेर ऊन होतं. चौकात मुलं चेंडू खेळत होती. वहिनीने माझा हात सोडला. "जा आता," ती हळूच म्हणाली, आणि माझा खांदा आपोआप वर आला. सदऱ्याची बाही कोपरापर्यंत ओली होती. मी ती वाळवली नाही, वास घेतला नाही, तशीच दुमडून टाकली.

"भूक लागलीय," वहिनी म्हणाली.

कोपऱ्यावरच्या खानावळीत तिने खारवलेला मासा, सालीसकट उकडलेले बटाटे आणि वर तिखट चटणी असं ताटभर खाल्लं. माझ्या ताटातलाही एक बटाटा उचलला. "काकूला कळायला हवं होतं," मी म्हणालो.

"कळेल की. तोच गेलाय सांगायला."

ती त्यानंतर बरीच वर्षं जगली. अंगावर काळे कपडे, आणि वखारीतल्या जुन्या बायांशी भांडण पूर्वीपेक्षा जोरात. कोणी विचारलं, चेहरा कसा निघाला गं, तर म्हणायची, "तरुण. मला बघून लाजला असता." सोमवारी ती धुणं काढायची आणि दुपारी दार लोटून गाढ झोपायची.