कपाटातलं हॉस्पिटल

आमचे हे हॉस्पिटलच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतात. रोज संध्याकाळी ड्राइव्हमध्ये टेप घालायची, दिवसभराच्या नोंदी तिच्यावर उतरेपर्यंत जांभया देत बसायचं आणि ती टेप घरी आणायची. तिथे आग लागलीच तर नोंदी तरी वाचाव्यात, म्हणून हा नियम. त्यापायी आमच्या कपाटाचा मधला कप्पा कायमचा अडलेला, आणि माझे कपडे खाली कोंबलेले. सासूबाई म्हणायच्या, "यापेक्षा सवत परवडली. स्वयंपाकाला तरी हात लावला असता."

गेल्या महिन्यात सासूबाई त्याच हॉस्पिटलात वारल्या. फ्रेम करायला त्यांचा फोटो हवा होता, तर घरचा कॉम्प्युटर सुरूच होईना. यांनी सुट्टीचा अख्खा दिवस खटपट केली, मग स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"डिस्क गेली. सगळे फोटो त्यातच होते."

"टेपवर घेतले असतील ना?"

हे कपाटाकडे वळले.

"टेपवर आईच्या रक्ताच्या तपासण्या आहेत," म्हणाले. "सगळ्या आहेत."