सगळे कोंबडेच

हिराबाय कुणालाही करवंद सरळ देत नसे. मुठीत धरायची आणि विचारायची, "कोंबडा का कोंबडी?" समोरच्याने उत्तर दिलं की फळ दाताने फोडायची. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. उत्तर बरोबर आलं तर उरलेलं अर्धं तुम्हाला, चुकलं तर तेही तिलाच. हा पोरांचा खेळ. हिराबाय म्हातारपणीही खेळायची आणि चुकणाऱ्याची गय करत नसे.

बाळकुममध्ये आमची घरं पाठीला पाठ लावून होती. ती खाडीवर मासे धरणाऱ्यांच्या घरातली, मी शेजारच्या चाळीतली. तिच्या परसात करवंदाची जाळी होती. कच्ची करवंदं ती सुकटीत आंबटाला टाकायची, पिकली की आम्हाला कोडं घालत बसायची. बिल्डरचा माणूस जागा मोजायला आला, त्यालाही तिने विचारलं. तो कोंबडी म्हणाला, निघाला कोंबडा. "चुकलास. जा आता," म्हणाली.

तो गेला आणि पुन्हा आला. तिच्या मुलांनी सह्या केल्या. जाळी मशीनने उपटली तेव्हा हिराबाय लेकीकडे टिटवाळ्याला होती. परत आली, खड्डा बघितला. रडली नाही. मुलांशी मात्र बरेच दिवस बोलली नाही. जेवण रांधून वाढायची, मुद्दाम जहाल तिखट.

आमची चाळही पाडली. आम्हा सगळ्यांना मागच्या इमारतीत खोल्या मिळाल्या, पुढे टॉवर उभे राहिले. बाग दोन्हीकडच्यांची एकच. टॉवरवाल्यांनी बागेच्या कडेला शोभेचं कुंपण लावलं. चकचकीत पानं, दुतोंडी काटे, पांढरी वासाची फुलं. हिराबायने पान तोडलं, चीक बघितला आणि म्हणाली, "ही आपल्या करवंदातलीच गो. माहेर लांबचं दिसतंय." फळं धरली ती लहान लिंबाएवढी, लालभडक. तिने एक फोडलं, आत लाल. दुसरं फोडलं, लाल. पूर्ण कुंपण तपासलं.

"सगळे कोंबडेच. अंडी कोण घालनार गो?"

मग टॉवरमधल्या एका लहान मुलीने फळ खाल्लं. तिच्या ओठांना पांढरा चीक लागला आणि तिची आई ओरडत खाली आली. मुलीला काही झालं नव्हतं. पण विषारी झाड म्हणून बोभाटा झाला आणि कमिटीने कुंपण उपटायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळी कुदळ घेऊन आला तर हिराबाय कुंपणापुढे प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलेली. मी तिला म्हटलं, उगीच तमाशा करू नकोस, परक्या जातीचं झाड, खरंच विषारी असलं तर? ती म्हणाली, "मागच्या टायमाला मी टिटवाल्याला व्हते. आज हितंच हाय."

मीही खुर्ची आणली.

चेअरमन आले. सभ्य माणूस. "आजी, रिस्क नको. लहान मुलांचा प्रश्न आहे," म्हणाले. हिराबायने बोटाने दाबून मऊ फळ शोधलं, तोडलं आणि खाल्लं. मग दुसरं. जमलेल्या बायांना बजावलं की हिरवं खायचं नाही, पान तोंडात घालायचं नाही, लाल आणि मऊ तेवढंच खायचं. मग एक फळ चेअरमनसमोर धरून विचारलं, "कोंबडा का कोंबडी?" त्यांना कळेना. मी समजावलं. त्यांनी कोंबडी सांगितली. ते अर्धं तिने स्वतः खाल्लं. "रातपर्यंत मेले तर उपटा," म्हणाली आणि पाय पसरून बसली.

दिवसभर लोक गॅलरीतून बघत होते. संध्याकाळी चेअरमननी खाली येऊन विचारलं, पोटात काही होतंय का? "भूक लागलीय," ती म्हणाली.

कुंपण राहिलं. फक्त 'फळे खाऊ नयेत' अशी पाटी लागली. हिराबाय तिच्यावर घरातलं ओलं फडकं वाळत घालायची.

त्यानंतर काही वर्षांनी ती छातीच्या दुखण्याने गेली. लिफ्टमध्ये एकीने मला हळूच विचारलं, ती फळं बाधली का हो? मी म्हटलं, नातवंडांची लग्नं बघून मेली ती, झाडाला कशाला लावता?

आता त्या खुर्चीत मी बसते. मुलं येतात. फळ आतून नेहमी लालच निघतं हे त्यांना कळून चुकलंय, त्यामुळे सगळी एका सुरात कोंबडा म्हणतात आणि अर्धं अर्धं घेऊन जातात. फक्त ती चीक लागलेली मुलगी दर वेळी कोंबडी म्हणते. परवा मी तिला विचारलं, अगं, निघत नाही हे माहीत आहे ना तुला?

"सगळे कोंबडा म्हणतात म्हणून मी काय तेच म्हणायचं?"

फळ फोडलं. लाल. अर्धं तिला दिलं नाही, मीच खाल्लं. आणि दुसरं तोडून पुन्हा तिच्याचसमोर मूठ धरली.