ज्याला बांध ओळखत नव्हता

बनमाली बेहेराला आमच्या गावात सगळे बिहारी म्हणत. तो ओडिशाचा, केंद्रापाड्याकडचा. सुरुवातीला त्याने सांगून पाहिलं की ओडिशा वेगळं आणि बिहार वेगळं. लोकांनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या आणि म्हणाले, "बरं, बिहारी." मग त्यानेही नाद सोडला.

गडबच्या पश्चिमेला, धरमतरच्या खाडीला लागून आमचं गाव. डोलवीला कंपनीचं बांधकाम चालू होतं तेव्हा ठेकेदाराच्या माणसांबरोबर तो आला. काम संपलं, बाकीचे गेले, हा राहिला. राहिला तो हौसासाठी. हौसा मूळची रोह्याकडची, आमच्या गावच्या सखाला दिलेली. हळद उतरायच्या आत गावची झाली, कुणी तिला कुठली म्हणून विचारलं नाही. सखा एका पावसाळ्यात बांधावरून गेला तो सापडलाच नाही. पुढे हौसाने बनमालीशी रोह्याच्या देवळात लग्न केलं आणि त्याला सखाच्या घरात आणलं. गाव महिनाभर कुजबुजलं, नंतर कंटाळलं.

मी शरीफ. गावात माझी पिठाची गिरणी आहे आणि आमचं घर हौसाच्या घराला लागून. पेणच्या बाजारात कुणी मला "तुम्ही मूळचे कुठले?" असं विचारलं की माझं डोकं फिरतं. अरे, या खाडीत पाणी आहे तेव्हापासूनचे इथले आम्ही! बांधावरच्या गाऱ्हाण्यात माझं नाव माझ्या बापाच्या, कमरुद्दीनच्या नावासकट घेतात.

हे गाऱ्हाणं काय ते सांगायला हवं. आमची भातशेती खाडीच्या पातळीखाली. मध्ये मातीचा बांध, आणि बांधात उघाडी, म्हणजे फळ्यांचं दार. ओहोटीला फळ्या काढून शेतातलं पाणी खाडीत सोडायचं, भरतीला फळ्या टाकून खारं पाणी अडवायचं. खारं पाणी एकदा भातात शिरलं की ती जमीन कित्येक वर्षं उठत नाही. या बांधाला राखणदार आहे. दरवर्षी पेरणीआधी गाव बांधावर जमतं, नारळ फोडतं, आणि गावचा म्होरक्या हैबतराव एकेका घरातल्या कर्त्या पुरुषांची नावं मोठ्याने घेतो. ज्यांची नावं राखणदाराच्या कानावर पडली, ती माणसं त्याची. त्यांची शेतं तो राखतो. आणि उधाणाच्या भर दुपारी, पाणी फळ्यांना लागतं तेव्हा, त्यांतल्याच एखाद्याला नावाने हाक मारतो. ओ द्यायची नाही. ज्याने ओ दिली तो गेला.

तुम्ही हसाल. मीही पेणच्या शाळेत शिकलोय. पण तरुणपणी एकदा त्या उघाडीवर मला माझ्या बापाच्या आवाजात हाक आली होती, आणि बाप तेव्हा घरी ओसरीवर बसून सुपारी कातरत होता. मी ओ दिली नाही. त्यानंतर कित्येक वर्षं उधाणाच्या दुपारी मी बांधावर पाऊल टाकलं नाही.

मग उधाणाच्या दुपारी फळ्या कोण टाकायचा? बिहारी! त्याचं नाव गाऱ्हाण्यात नव्हतं, म्हणजे बांध त्याला ओळखतच नव्हता. हाक कुणाला मारणार? गावाने हे काम त्याच्या गळ्यात घातलं आणि वर त्याचं कौतुकही केलं. "बिहारी हाय म्हणून निभतंय," असं बायका पाणवठ्यावर म्हणत. तो खाडीकाठचाच माणूस, खाऱ्या पाण्याची खोड त्याला माहीत होती. बोलायचाही आमच्यासारखाच, डोळे मिटून ऐकलं तर माझा भाऊ वाटावा. पण गाऱ्हाण्यात त्याच्या घरावर नाव यायचं ते सखाचं. प्रेत मिळालं नाही म्हणून ते कधी गळलंच नाही. मेलेला माणूस गावात होता आणि जिवंत माणूस, त्याच्या अंगणात, त्याचीच शेती कसणारा, नव्हता. दरवर्षी "सखा" म्हटलं की बनमाली खाली बघायचा. मला ते बघवायचं नाही.

"माझं नाव घेतील का हो कधी?" त्याने मला गिरणीत विचारलं होतं.

हौसा दळण घ्यायला आलेली. ती एकदम उसळली. "कशाला हवंय नाव? बरा हायस तसा. एक दिलाय मी त्या बांधाला."

मग ते श्रावणातलं उधाण आलं. दुपारी बांधाला खांड पडली, म्हणजे माती फुटून पाणी आत घुसू लागलं. सगळं गाव धावलं आणि खांडीपासून हातभर मागे थांबलं, कारण प्रत्येकाच्या कानात आपापलं नाव घुमायला लागलं होतं. बनमाली तेवढा पेंढ्याचे भारे घेऊन खांडीत उतरला आणि छातीइतक्या पाण्यात पाठ लावून उभा राहिला. त्याच्या पाठीमागे आम्ही माती टाकली. भात वाचलं.

हौसाच्याच अंगणात गावकीची बैठक भरली आणि हैबतरावाने विचारलं, "बोल बिहारी, काय पायजे?"

"नाव घ्या माझं."

हैबतराव मनाने वाईट नव्हता, म्हणून खरं ते बोलून गेला. "नाव घेतलं तर उघाडीवर कोन जाईल?"

मी ताडकन उठलो. "लाज वाटू द्या! त्याच्या पाठीवर तुमची शेतं उभी आहेत." माझा आवाज चढला की गिरणीचा पट्टा सुटल्यासारखा चढतो. शेवटी सगळे म्हणाले, घ्या. हौसा दाराआडून ऐकत होती. तिने आत जाऊन चूल विझवली.

पुढच्या गाऱ्हाण्याला गाव बांधावर जमलं. सखाचं नाव यायची वेळ झाली आणि हैबतराव अडखळला. वळून म्हणाला, "तुजं खरं नाव काय रं?"

इतक्या वर्षांत हे कुणाला ठाऊक नव्हतं! मला माहीत होतं, पण मीही त्याला बिहारीच म्हणायचो. तो पुढे आला आणि घसा खाकरून म्हणाला, "बनमाली. अर्जुन बेहेराचा मुलगा."

"बा राखणदारा, बनमाली अर्जुन बेहेरा, हा तुजा हाय," हैबतराव म्हणाला. "व्हय, व्हय," गाव म्हणालं. ओहोटी होती, वारा नव्हता. तरी उघाडीच्या फळ्या आतून कुणी बोटांनी वाजवाव्यात तशा वाजल्या. नारळ उचलणारे हात जागच्या जागी थांबले. बनमालीने ते ऐकलं नसावं, तो रडत होता. संध्याकाळी त्याने घरोघर पेढे वाटले.

श्रावण आला. उधाणाच्या दिवशी सकाळीच हौसा माझ्या दारात. "शरीफभाऊ, आज त्याच्यासंगं जा. माजं ऐकत नाय तो. म्हनतो, सवयीचं काम हाय."

मी गिरणी बंद करून गेलो. ऊन लख्ख पडलं होतं. एरवी बांधापलीकडच्या खाजणाच्या चिखलात बगळे असतात, त्या दुपारी एक नव्हता. पाणी आवाज न करता चढत होतं. बनमाली उघाडीवर वाकून फळ्या एकावर एक बसवत होता. शेवटची फळी हातात असताना तो थांबला आणि खाडीकडे बघू लागला.

"कुणी बोलावलं?"

"कुणी नाही. फळी टाक, चल."

"नाव घेऊन बोलावलं. बापाच्या नावासकट." त्याचा चेहरा असा उजळला की मला भीती वाटली. मला फक्त फळ्यांचा आवाज येत होता, टक, टक.

"ओ देऊ नको! ऐक माझं. ओ देऊ नको."

"शरीफभाई," तो म्हणाला, "आई गेल्यापासून या नावानं मला कुणी हाक मारली नाही. गप्प कसं राहू?"

त्याने फळी खाचेत नीट बसवली, हाताने दाबून बघितली. मग त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला, आईने जेवायला बोलावल्यावर पोर म्हणेल त्या सुरात. आणि खाडीच्या बाजूच्या पायरीवरून खाली उतरला. पाण्याचा आवाज झाला नाही. मी ओरडत धावलो तोवर तिथे सपाट पाणी होतं आणि त्यात आभाळ.

होड्या धरमतरपर्यंत फिरल्या. काही सापडलं नाही. पेणहून चौकशीला आलेल्या हवालदाराने विचारलं, "माणूस कुठला?" हैबतराव म्हणाला, "आमच्या गावचा." त्याच आठवड्यात डोलवीच्या चाळींमधून उत्तरेकडचा एक मजूर उघाडीच्या कामाला आणला गेला. त्याचं नाव कुणी विचारलं नाही.

यंदा पेरणीआधी पुन्हा गाव बांधावर जमलं. हैबतराव नावं घेत घेत त्या घरापाशी आला. "बनमाली अर्जुन..."

"थांब!" हौसा गर्दी कापत पुढे आली. बायका या वेळी मागे उभ्या राहतात, ती थेट उघाडीच्या कडेला गेली आणि खाडीकडे तोंड करून किंचाळली, "तो आमचा नाय! ऐकतोस ना? तो या गावचा नाय, परका हाय तो, बिहारी हाय. चुकून घेतलंय नाव. सोड त्याला!"

फळ्या गप्प होत्या. हौसा आमच्याकडे वळली. "सांगा ना रे सगळे. इतकी वर्सं तुमीच सांगत व्हता. आज एकदा सांगा."

माणसं खाली बघू लागली. मीही. मग हैबतराव पुढे झाला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाला, "असं कसं बोलतेस गो हौसा? आपलाच हाय तो."

"व्हय, व्हय," गाव म्हणालं.