चार बोटं ऊन

बाळगोंडा अण्णांना वेळ विचारली की ते मनगटाकडे बघायचे नाहीत, पश्चिमेकडे बघायचे. हात लांब करून सूर्याखाली बोटं आडवी धरायची आणि क्षितिजापर्यंत किती मावतात ते मोजायचं. एक बोट म्हणजे पाव तास. "चार बोटं हाय अजून," असं ते म्हणाले की तासाभरात दिवस मावळणार, हे नक्की. मनगटावर घड्याळ असायचं, पण ते म्हणे लग्नवाल्यांच्या समाधानासाठी.

अण्णा बोरगावचे जैन शेतकरी. ऊस लावायचे आणि लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. आईच्या शेवटच्या आजारात त्यांनी नियम घेतला होता, दिवस मावळल्यावर अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. आता सॅक्सोफोनच्या तोंडाशी एक पातळ पट्टी असते, रीड म्हणतात तिला. ती ओली असली तरच वाद्य नीट बोलतं. कोरडी पडली की वरचे सूर किंचाळतात. बाकीचे वादक ती सरळ पाण्यात बुडवतात. अण्णा मात्र दिवस मावळल्यावर ती जिभेवर धरूनच भिजवायचे. "थुंकी आपली हाय रं," ते म्हणायचे, "गिलासातलं पाणी ते पाणीच." मला हे फारच ताणल्यासारखं वाटायचं आणि मी तसं तोंडावर बोलायचोही. ते नुसते हसायचे.

आमची गाठ पडली संकेश्वरात, एका लग्नाच्या भर दुपारच्या वरातीत. मी बेळगावात शाळेत गणित शिकवतो आणि तीन मित्रांबरोबर हौसेने गिटार वाजवतो. आमचं वेड जुन्या इंग्रजी बीट ग्रुपांचं, म्हणजे गिटार-ड्रमवाल्या पोरांच्या बँडचं. त्या दिवशी दोन वरातगाण्यांच्या मधल्या फटीत सॅक्सोफोनवाल्या म्हाताऱ्याने चार सूर असे काढले की मी हातातली फुलं टाकून पुढे घुसलो. ते सूर साठ वर्षांपूर्वीच्या लंडनचे होते. कुठं ऐकलंत, विचारलं तर म्हणाले, "कॅम्पात." तरुणपणी बेळगावच्या लष्करी कॅम्पातल्या एका निवृत्त बँडमास्तरांकडे ते शिकायला जात, आणि मास्तरांकडे तबकड्यांची पेटी होती.

त्या इंग्रजी ग्रुपांमधल्या सॅक्सोफोनबद्दल अण्णांचं स्वतःचं मत होतं आणि ते ऐकवल्याशिवाय ते कुणाला चहा पाजत नसत. "आदी त्यांच्याकडं सॅक्सवाला असायचा. मग गिटारी आल्या. तीन गिटारी नि एक ढोल, भागलं त्यांचं. ह्याला म्हणाले, तू जा घरला. पर काय काय गटांनी न्हाय सोडला. त्यो पुढं नाचत न्हवता, गिटार जे म्हणती तेच खालनं म्हणायचा. भिंतीगत." पुढे रॉकवाल्यांनी सॅक्सोफोन परत आणला आणि गाण्याच्या मधोमध त्याला एकट्याला वाजवायला लावलं, हेही त्यांना ठाऊक होतं. "त्ये पाव्हण्यागत झालं. पाव्हण्याचं सगळीच कौतुक करत्यात." बोलताना नाक मुरडायचे, पण तसं एकट्याने वाजवायची त्यांना मनातून लई हौस होती, हे मी त्यांना आमच्या ग्रुपात ओढल्यावर पहिल्या तालमीतच मला कळलं.

अनगोळच्या शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला तेव्हा आमच्या ग्रुपला बोलावणं आलं. मी अण्णांसाठी एक तुकडा मुद्दाम ठेवला, मध्यभागी सोळा आवर्तनं त्यांची एकट्याची. ते एकाहत्तर वर्षांचे होते. "वराती वाजवून हयात गेली, सुनील," तालमीत एकदा म्हणाले. "लोकं नाचली, पर बसून कुणी ऐकलं न्हाय. एकदा तेवढं बघायचं हाय." त्यांची एकच अट होती, दिवस मावळायच्या आत सगळं आटपायचं. आयोजकांनी पाचची वेळ दिली. मी अण्णांना बिनधास्त शब्द दिला.

पाचला मैदान भरलं, पण प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नव्हता. अण्णा स्टेजमागे उभे राहून हात लांब करत होते. चार बोटं. तीन. मी आयोजकांकडे तीन खेपा घातल्या आणि तिन्ही वेळा "आलेच, आलेच" ऐकून परतलो. एक बोट उरलं तेव्हा अण्णांनी तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन घेतलं, तोंड पुसलं आणि तांब्या पालथा घातला. पाहुणे आले तेव्हा मैदानातले दिवे लागले होते. मग स्वागत, मग भाषण, मग दुसरं भाषण. रक्तदाबाच्या गोळीने अण्णांचं तोंड एरवीही कोरडं पडायचं. आमची पहिली दोन गाणी त्यांच्याविना झाली, पाठोपाठ बक्षीसवाटप सुरू झालं, आणि मागे त्यांनी रीड तोंडात धरून फुंकून पाहिलं. नुसती किंकाळी आली.

"जीभ चिकटलीया," ते म्हणाले.

"अण्णा, एक थेंब. नुसता रीडला."

"न्हाय." वाद्य खुर्चीवर ठेवून ते अंधारात येरझाऱ्या घालायला गेले.

मी काय केलं ते सांगतो. मी रीडचा स्क्रू सैल केला, ती बाटलीच्या झाकणातल्या पाण्यात बुडवली, वरवर पुसली आणि होती तशी बसवली. म्हाताऱ्याची आयुष्याची हौस एका थेंबापायी जाऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्यांना कळणार नाही असं मी स्वतःला सांगितलं. पन्नास वर्षं जी जिभेवर धरली तिची चव माणसाला कळते, हे गणिताच्या मास्तरला सुचलं नाही.

तिसरं गाणं सुरू झालं. त्यांची सोळा आवर्तनं आली. अण्णांनी वाद्य तोंडाला लावलं आणि थांबले. माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून तारांकडे बघत राहिलो. त्यांनी सावकाश स्क्रू काढला, रीड काढून खिशात टाकली, रुमालाने जीभ पुसली आणि दुसऱ्या खिशातली कोरडी रीड बसवायला घेतली. आम्ही तेच तेच सूर घोळवत राहिलो. लोक कुजबुजायला लागले, पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. सोळाच्या सोळा आवर्तनं रिकामी गेली.

मग अण्णा गाण्यात आले, पण वरच्या सुरांत गेलेच नाहीत. माझी गिटार जे म्हणत होती तेच त्यांनी अगदी तळातून म्हणायला सुरुवात केली. कोरड्या रीडमुळे आवाज घोगरा आणि खरबरीत येत होता, पण तिथे खाली तो असा बसला की माझ्या पायाखालच्या फळ्या थरथरायला लागल्या. इतकी वर्षं गिटार वाजवतोय, पण तिलाही टेकायला भिंत लागते हे मला त्या दिवशी कळलं. मैदान गप्प झालं. अण्णांचे डोळे शेवटपर्यंत मिटलेले होते. गाणं संपल्यावर ते कुणाशी न बोलता गाडीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर मी बोरगावला गेलो. त्यांची बायको, आक्का, दारातच भेटली. "आज निर्जळी उपास हाय त्यांचा," ती म्हणाली. "काल तोंडाला पाणी लागलं म्हणं. कसं लागलं इचारलं तर म्हणत्यात, माझ्याच चुकीनं."

अण्णा कट्ट्यावर बसले होते. ओठ सुकून भेगाळले होते.

"अण्णा, रीड मी भिजवली."

"ठावं हाय."

"मग उपास तुम्ही का करताय? मला सांगा, मी करतो."

"तोंड माझं हुतं नव्हं," ते म्हणाले. रागाने नाही, ऊस कुणाचा हे सांगावं तसं. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. त्यांनी तिकडे लक्ष न देता हात लांब केला, सूर्याखाली बोटं धरली आणि आत हाक मारली, "चार बोटं हाय अजून. ह्याला च्या टाक गं."

आक्काने चहा आणून दिला. त्यांच्यासमोर प्यायची लाज वाटून मी अर्ध्यावरच कप खाली ठेवला.

"मी डोळं मिटलं हुतं," अण्णा म्हणाले. "लोकं ऐकत हुती का रं?"

"व्हय अण्णा. बसून. एकबी हलला न्हाय."

त्यांनी मान हलवली. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले, आणि लोकांनी बसून ऐकलेलं त्यांचं तेवढं एकच वाजवणं ठरलं. त्या संध्याकाळी मात्र ते मावळतीकडे बघत बसले होते, आणि माझा कप अर्धा बघून म्हणाले, "पी की. दिवस जाईल."