तीन छेद बारा

विमल गेली तेव्हा मी पिठाच्या गिरणीत होतो. शेजारच्या मंदाताई धावत आल्या, म्हणाल्या, "काका, घरी चला." बस, एवढंच. दळण तिथंच राहिलं. दीड महिना झाला त्याला.

मी सातवी नापास. सातपूरला कारखान्यात पस्तीस वर्षं लेथवर उभा राहिलो. माझी बायको विमल शाळेत गणित शिकवायची. जोडा विजोड होता. तिनं ते कधी दाखवलं नाही, मीच रोज टोचायचो. "तुझ्या गणितानं एक बोल्ट तरी निघतो का?" ती हसून सोडून द्यायची.

मागच्या वर्षी तिनं अंथरूण धरलं. एकदा बोलता बोलता मी म्हणालो, भागाकार कधीतरी संपतोच. इंचाचे अपूर्णांक दशांशात मांडण्यात माझी हयात गेली. अर्धा, पाव, एक अष्टमांश... सगळे संपायचे. ती म्हणाली, "अहो, तुमच्या ड्रॉइंगवर सगळे छेद दोनाच्याच घरातले. एकाला सातानं भागा बरं." भागत बसलो. एक चार दोन आठ पाच सात, परत एक चार दोन आठ... कॅलेंडरची मागची बाजू भरली.

"संपत का नाय गं हे?"

"नाहीच संपणार. सातानं भागल्यावर बाकी उरून उरून किती उरेल? एक ते सहा. त्यातली एक फिरून आली की पुढचं सगळं तेच."

मग तिनं नियम सांगितला. भागताना आपण शून्य लावतो, म्हणजे दहानं गुणतो. दहा बनतो दोन आणि पाचाचा. छेदात हे दोघंच असले तर भागाकार संपतो, तिसरं कुणी घुसलं की नाही. मला वाटलं, आलं सगळं.

शेवटच्या आठवड्यात तिनं विचारलं, "तीन छेद बारा?"

"बारात तीन हाय. संपणार नाय."

"चुकलं. का, ते तुम्हीच शोधा. मला एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय."

माझं डोकं फिरलं. "मरायला टेकलीस तरी मास्तरकी सुटत नाय तुझी!"

असं बोललो मी. ती भिंतीकडे वळली. दोन दिवस मी त्या गणिताकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले, तेव्हा कागद घेऊन बसलो. वरच्या तीनानं खालच्या बारातला तीन कटतो. आधी काटायचं, मग छेद बघायचा, हे मी विसरलो होतो. उरतो एक छेद चार. शून्य पूर्णांक दोन पाच. संपला. पाव इंच... जन्मभर कापला मी तो! दोन मिनिटांचं काम होतं. तिच्याकडे दोन दिवस होते.

खाटेकडे तोंड करून मोठ्यानं सांगितलं. लोक म्हणतात, त्यांना ऐकू जातं. नाही जात.

टेबलाच्या खणात तिचा लाल पेन होता, शाळेतल्या पोरींच्या वह्या तपासायचा. कागदावर उत्तर लिहून तो वर ठेवलाय. टोपण काढून बघितलं, शाई चालते अजून. कागद तिच्या लाल खुणेवाचून कोराच आहे, आणि तसाच राहणार.