गरम डोक्याचा ड्रायव्हर

दोन जुने ड्रायव्हर एकत्र बसले की किस्से सुरू होतात, आणि प्रत्येक किश्श्यात सांगणाराच जिंकलेला असतो. मीही वाशीम-अनसिंग रस्त्यावर बराच जिंकलोय. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. दोन मालकांच्या मोटारी वाशीम स्टेशनवरून एकदमच सुटायच्या. जी अनसिंगला आधी पोचेल, तिथले पॅसेंजर तिचे!

*

गरम डोक्याचाच माणूस गाडी पुढे काढतो, असं आमच्या शेठचं ठाम मत होतं. म्हणून नोकरी मागायला आलेल्याला तो आधी चारचौघांत शिवी हासडायचा. मी सरळ त्याचा कोट धरला. शेठ खूश! माझ्याबरोबर आलेल्या युसूफमियाने शिवी ऐकून घेतली आणि गाडीचे ब्रेक कसे आहेत ते विचारलं. दुसरा माणूस मिळेना, म्हणून शेठने त्यालाही ठेवून घेतलं.

*

एकदा मी असा सुटलो की वाटेतल्या गावी उतरणारा एक म्हातारा ओरडत राहिला आणि मी त्याला थेट अनसिंगला नेऊन सोडलं. भर उन्हात त्याला चालत परतायचं होतं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्याने नुसतं विचारलं, "पोरा, तुले कुठं जाची घाई होती?"

अनसिंगला माझं कोणीच नव्हतं.

*

युसूफमियाची मोटार बघून एका शेतकऱ्याचे बैल बिथरले. युसूफमियाने इंजिन बंद केलं, तो खाली उतरला आणि बैल शांत होईपर्यंत वेसण धरून उभा राहिला. अनसिंगला पोचला तेव्हा स्टँडवर एकही पॅसेंजर उरला नव्हता.

"बैल भेले होते, शेठजी," तो म्हणाला.

शेठने त्याच दिवशी त्याला स्टिअरिंगच्या चाकावरून काढलं आणि मागच्या दारात तिकिटं फाडायला उभं केलं. चाक परत द्या म्हणून तो रोज सकाळी शेठला विनवायचा. मी शेजारीच असायचो. त्याच्यासाठी एक शब्दही बोललो नाही.

*

दुसऱ्या मालकाचा ड्रायव्हर नामदेव माझ्यासारखाच तापट. नाल्याच्या वळणावर दोघांनीही ब्रेक दाबला नाही. त्याची रिकामी मोटार नाल्यात गेली. मी वळून पाहिलं, आणि थांबलो नाही. नामदेवचा पाय कायमचा गेला. स्टँडवर शेठने माझ्या गळ्यात हार घातला आणि मी तो घालून घेतला.

*

पोहरादेवीची जत्रा होती. शेठच्या घरचे नव्या नातवाला देवीच्या पायावर घालायला निघाले. मी मोटार पुसून दाराशी लावली, चाकावर बसलो. शेठाणी बाळाला घेऊन ओट्यावरच उभी. चढेचना.

शेठ माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू उतर. युसूफले बोलाव."

मीच जाऊन त्याला घेऊन आलो. सगळे बसले. शेठ बाळाचं टोपरं सारखं करत हळूच म्हणाला, "युसूफ, आज कोणाच्या पुढं काढू नको, बाबा."

युसूफमियाने चाक हातात घेतलं. "शेठजी," तो म्हणाला, "मले तेवढंच येते."