‘कळलं नाही’वाल्या बाई

“कळलं का?” असं बाईंनी वर्गाला कधीच विचारलं नाही. त्या विचारायच्या, “कुणाला कळलं नाही?” आणि ज्याचा हात वर जाई त्याला पहिल्या बाकावर बोलवायच्या. काळाचौकीच्या आमच्या मराठी शाळेत पहिला बाक हुशारांचा असे. बाईंच्या वर्गात तो अडलेल्यांचा. म्हणून सगळी शाळा त्यांना ‘कळलं नाही’वाल्या बाई म्हणायची. शिक्षकांच्या खोलीत हे नाव हसून घेतलं जाई.

त्यांच्या वर्गात, चौथीत, मी गेले तेव्हा मला वाचता येत नव्हतं. शेजारणीचं ऐकून मी धडे पाठ करायची आणि ओळीवर बोट फिरवत म्हणून दाखवायची. बाईंनी एकदा माझं पुस्तक मिटलं आणि फळ्यावर दोन अक्षरं लिहिली. मला वाचता येईनात. ते माझ्या आईचं नाव होतं.

“रडू नकोस गं,” बाई म्हणाल्या. “लाज तुला नाही, तुला चौथीपर्यंत ढकलत आणणाऱ्यांना वाटली पाहिजे.”

शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास त्या मला घेऊन बसल्या. दिवाळीपर्यंत मी वाचायला लागले. पुढे मी शिक्षिका झाले ती त्यांच्यामुळेच, आणि नेमणूकही मिळाली त्याच शाळेत.

त्या वर्षी वाचनाची तपासणी आली. मुख्याध्यापकांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, “वरून शंभर टक्के मागितलेत. पट आधीच कमी आहे. आपण मागे पडलो तर शाळा बंद होईल.”

बाई म्हणाल्या, “वाचता न येणारी मुलं तशीच पास करून बाहेर पाठवायला उघडी ठेवायची का शाळा?”

आपल्या वर्गाच्या तक्त्यात त्यांनी नऊ मुलांपुढे ‘वाचता येत नाही’ लिहिलं. महिन्याभरात त्यांना नोटीस आली. वर्ग काढून घेतला आणि मतदार याद्यांच्या कामाला बसवलं. त्यांचा वर्ग मला मिळाला, सोबत नवा कोरा तक्ता.

माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. मी सगळ्यांपुढे ‘वाचता येते’ लिहिलं आणि सही केली.

“नऊच्या नऊ?” जिन्यात भेटल्यावर बाईंनी एवढंच विचारलं.

“हो, बाई.”

त्या याद्यांचा गठ्ठा सावरत खाली उतरून गेल्या. चार शब्द बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

पण त्यांनी ती मुलं सोडली नाहीत. याद्यांचं काम संपलं की त्या एकेकाच्या चाळीत जायच्या आणि दारात बसून शिकवायच्या. असं दोन-तीन महिने चाललं. मग दर्शना नावाच्या मुलीच्या आईने माझ्या सहीचं प्रगतिपत्रक त्यांच्यासमोर धरलं. “ह्यात लिवलंय पोरीला वाचता येतं म्हणून. तुम्ही कशाला तिच्या मागे लागलाय? चाळीत लोक हसतात, पोरगी ढ आहे म्हणून.” हळूहळू सगळ्याच घरांतून तसं ऐकू येऊ लागलं. बाईंचं जाणं थांबलं. पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोपसमारंभ झाला नाही. मुख्याध्यापकांना वेळ नव्हता आणि आम्हा बाकीच्यांना हिंमत.

मी फणसवाडीत त्यांच्या घरी एकदाच गेले. त्यांनी चहा दिला, माझ्या मुलाची चौकशी केली. माफी मागायची म्हणून गेले होते, ती न मागताच परत आले.

मागच्या महिन्यात दर्शनाची आई शाळेत आली. मागे दर्शना उभी, अंगाने चांगली उंच झालेली. नववीत शाळा सुटली होती. लालबागला एका मसाल्याच्या दुकानात काम मिळालं होतं, पण गिऱ्हाइकांच्या चिठ्ठीवरची मसाल्यांची नावं वाचता येईनात म्हणून तिसऱ्याच दिवशी घरी पाठवलं.

“त्या बाई कुठे राहतात हो?” आईने विचारलं. “आता पाठवते हिला. पायावर डोकं ठेवीन त्यांच्या.”

“त्या वारल्या,” मी म्हटलं. “मार्चमध्ये.”

तिने दर्शनाचा हात धरला. मग म्हणाली, “चांगल्या होत्या. ते प्रगतिपत्रक कुणी लिवलं होतं, ठाऊक आहे तुम्हाला?”